तीन नंबर दिसून नाही राहिला

डोक्यावर डिश घेतलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या दिसल्या, तरी नागपूरकर सहसा वळून बघत नाही. या शहराला त्यांची सवय आहे. विजयादशमीला त्या दोन ठिकाणी लागतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ साली याच दिवशी नागपुरात स्थापन झाला, त्याचा उत्सव रेशीमबागेत असतो. आणि दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो, कारण १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच आपल्या अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येतं. १९५३च्या नागपूर करारानं या शहराच्या पदरात पडलेलं हे अधिवेशन महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपासून इथे भरतं, आणि तेवढे दिवस सिव्हिल लाइन्समध्ये बाहेरगावच्या वाहिन्यांची वस्ती होते. शिवाय वर्धा रोडवर जामठ्याचं स्टेडियम आहे. नोव्हेंबर २००८मध्ये सौरव गांगुली तिथे आपली शेवटची कसोटी खेळला.

या प्रत्येक दिवसाचं थेट प्रक्षेपण कुठल्याही कायमच्या स्टुडिओतून होत नाही. गाड्या येतात, केबल अंथरली जाते, कॅमेरे उभे राहतात, आणि काम संपलं की सगळं पेटीबंद होऊन निघून जातं. दर वेळी शून्यापासून उभारणी, दर वेळी निम्मी माणसं आणि निम्मं सामान नवीन. या उभारणीत एक आरोळी हमखास ऐकू येते. जामठ्यापासून लग्नाच्या लॉनपर्यंत ती सारखीच असते : ‘भाऊ, तीन नंबर दिसून नाही राहिला!’ आणि तिचं ठरलेलं उत्तर : ‘पिंग मारून पाह्य ना बे!’

कॅमेरा सुरू असतो, केबल लागलेली असते, दिवाही हिरवा असतो. तरी कॅमेऱ्यांची चित्रं निवडणाऱ्या मिक्सरवर तीन नंबरची चौकट काळी. अशा वेळी दोष बहुतेकदा आकड्यांत असतो. यंत्राला दिलेल्या आयपी पत्त्यात.

केबल हाच पत्ता होता तेव्हा

आकड्यांची ही भानगड प्रक्षेपणात फार जुनी नाही. १९८९ साली एसडीआयचं मानक आलं. डिजिटल चित्र एकाच जाडसर केबलमधून, टोकाला फिरवून बसवायचा बीएनसी कनेक्टर लावून न्यायचं, ही त्याची पद्धत. एचडी आल्यावर त्या केबलमधून सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट धावू लागले, पण शिस्त तीच राहिली. एका केबलमध्ये एकच चित्र, आणि तेही एकाच दिशेनं.

त्यामुळे कॅमेऱ्याला वेगळी ओळख द्यावी लागत नसे. मिक्सरच्या तीन नंबरच्या भोकात जी केबल खोचली, तिच्या दुसऱ्या टोकाला जो कॅमेरा, तो तीन नंबर. चित्र आलं नाही तर केबल हातात धरून चालत जायचं. मध्ये कुठे खुर्चीचा पाय पडलाय, कुठे कनेक्टर सैल झालाय, ते डोळ्यांना दिसायचं. केबल टाकणाऱ्या पोराला संगणकाचं ओ की ठो कळत नसलं तरी चालत होतं, कारण सगळी माहिती केबलच्या वाटेतच होती.

आयपीवर आल्यावर ही वाट गेली. आता सगळ्या कॅमेऱ्यांच्या कॅट-सिक्स केबल एका नेटवर्क स्विचमध्ये जातात आणि तिथून एकच केबल मिक्सरकडे येते. स्विचच्या कुठल्या भोकात कुठला कॅमेरा लावला याला एरवी काही अर्थ उरत नाही. त्याच एका केबलमधून चित्र जातं, आवाज जातो, कॅमेरा फिरवण्याचा हुकूम जातो, कुठला कॅमेरा पडद्यावर आहे हे सांगणारा टॅलीचा लाल दिवा पेटतो, आणि अनेक कॅमेऱ्यांत वीजही त्याच वायरीतून पोचते. सोय मोठी आहे. पण केबल पाहून कोण कुठला ते कळत नाही. ते आता चार आकड्यांवरून ठरतं, आणि ते आकडे कुणीतरी माणसानं बसून द्यावे लागतात.

प्रत्येक ले-आऊटमध्ये प्लॉट नंबर दहा

आयपी पत्त्याची आज सर्वाधिक वापरातली पद्धत १९८१ सालची. शून्य ते २५५ यांमधले चार आकडे, मध्ये टिंबं. एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. जगाला ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं, म्हणून फेब्रुवारी १९९६मध्ये तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले : १० पासून सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि घरोघरी दिसणारे १९२.१६८चे. हे पत्ते कुणीही, कितीही वेळा वापरावेत. अट एवढीच, की ते आपापल्या कुंपणाच्या आत राहतील.

नागपूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. १९३६च्या कायद्यानं आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या या शहरात अर्ध्या गावाचा पत्ता ‘प्लॉट नंबर अमुक, तमुक ले-आऊट’ असाच असतो. प्लॉट नंबर दहा प्रत्येक ले-आऊटमध्ये आहे आणि त्यानं कुणाचा घोटाळा होत नाही, कारण ले-आऊटचं नाव वेगळं असतं. १९२.१६८.१०.२४० या पत्त्यात पहिले तीन आकडे हा ले-आऊट आणि शेवटचा प्लॉट. ले-आऊट कुठे संपतो आणि प्लॉट कुठे सुरू होतो हे सांगायला शेजारी आणखी चार आकडे असतात, त्यांना सबनेट मास्क म्हणतात. २५५.२५५.२५५.० हा मास्क लावला की एका ले-आऊटमध्ये २५४ यंत्रं बसतात. लग्नाला ती भरपूर होतात. सामन्यालाही ती एका गटासाठी पुरतात.

घोटाळा होतो तो एकाच ले-आऊटमध्ये दोन घरांवर एकच नंबर रंगवला तर. आणि प्रक्षेपणाच्या सामानात हे कारखान्यातच घडून येतं. पॅनासॉनिकच्या अनेक पीटीझेड कॅमेऱ्यांना, म्हणजे दुरून फिरवता येणाऱ्या कॅमेऱ्यांना, कंपनी १९२.१६८.०.१० हा पत्ता देऊन पाठवते. ब्लॅकमॅजिकच्या एटीईएम मालिकेतल्या जुन्या स्विचरांचा, म्हणजे मिक्सरांचा, मूळ पत्ता १९२.१६८.१०.२४०. यात कंपनीचं चुकत नाही, कारण पेटी उघडणाऱ्याला यंत्र सापडावं म्हणून काहीतरी ठाऊक असलेला आकडा हवाच. पण एका जातीचे तीन कॅमेरे आणले, की तिन्ही घरांवर प्लॉट नंबर दहा.

लॉनवरची दुपार

लग्नसराईत वर्धा रोडवरच्या एखाद्या लॉनवर दुपारी चारला जाऊन बघावं. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला क्रेन आहे, एलईडी वॉल आहे, यूट्यूबवर लाईव्ह आहे, आणि भाड्यानं आणलेले दोन पीटीझेड कॅमेरे आहेत. एक स्टेजसमोर, एक मंडपाच्या खांबावर. दोघांचंही चित्र एसडीआयनं येतंय, तेव्हा वरवर सगळं आलबेल. नेटवर्कवर फक्त जॉयस्टिक आहे. पोट्ट्यानं तो डावीकडे ढकलला तर स्टेजसमोरचा कॅमेरा वळला. पुन्हा ढकलला तर खांबावरचा वळला. तिसऱ्यांदा कुणीच हललं नाही.

जॉयस्टिक बदलून उपयोग नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचा पत्ता एकच आहे. नियंत्रक त्या पत्त्याच्या नावानं हाक मारतो, ज्या यंत्राचं उत्तर त्यानं शेवटी टिपून ठेवलं असेल त्याच्याकडे हुकूम जातो, आणि ती नोंद थोड्या थोड्या वेळानं बदलत राहते. उपाय एका ओळीचा आहे : एकाची केबल काढा, दुसऱ्याला नवा पत्ता द्या, मग पहिला जोडा.

त्या एका ओळीत अडचणी मात्र दडलेल्या आहेत. लॅपटॉप कॅमेऱ्याच्याच ले-आऊटमध्ये नसेल तर त्याला कॅमेरा दिसणारच नाही, म्हणून आधी लॅपटॉपलाच १९२.१६८.०.५० असा काही पत्ता हातानं द्यावा लागतो. पत्ता ठाऊक नसेल तर कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर आहे, पण पॅनासॉनिकच्या या कॅमेऱ्यांत सुरक्षेसाठी अशी तजवीज असते, की वीज दिल्यापासून वीस मिनिटं उलटली की ते त्या यादीत दिसायचे बंद होतात. सकाळपासून चालू असलेला कॅमेरा दुपारी शोधायला बसलात तर तो सापडणार नाही. तो बंद करून चालू केला की लगेच यादीत येतो. ज्याला हे माहीत आहे त्याचं काम दोन मिनिटांत होतं. ज्याला माहीत नाही तो संध्याकाळपर्यंत केबल बदलत बसतो.

पिंगचंही तसंच. त्या पत्त्यावर कुणी ओ देतंय का, एवढंच पिंग सांगतो. ओ देणारा तोच कॅमेरा आहे की नाही, हे तो सांगत नाही. जाणती माणसं म्हणून पिंग चालू ठेवतात आणि संशयित कॅमेऱ्याची केबल उपटतात. उत्तर थांबलं तर पत्ता त्याचाच. उत्तरं येतच राहिली, तर दुसरं कुणीतरी त्याच्या नावानं बोलतंय. अगदी साधी युक्ती, पण पत्त्यांची टक्कर हिच्याइतकी झटपट दुसऱ्या कशानंही सापडत नाही.

मग पत्ते आपोआप का वाटून घेऊ नयेत? घरच्या राऊटरमध्ये डीएचसीपी तेच करतं. यंत्र जोडलं की त्याला मोकळा पत्ता मिळतो. लग्नाच्या ठिकाणी अडतं ते जनरेटरवर. वीज जाते, जनरेटर सुरू होतो, राऊटर उठतो आणि काही राऊटरांची आधीची वाटणी पुसलेली असते. कालचा तीन नंबर आता दुसऱ्याच पत्त्यावर बसलाय आणि मिक्सर जुन्या पत्त्यावर हाका मारतोय. कुणा पाहुण्याच्या सोयीसाठी डेकोरेशनवाल्यानं आपला वायफाय राऊटर त्याच स्विचमध्ये खोचला, तर पत्ते वाटणारे दोन होतात. आणि वाटणारा कुणीच नसला, तर यंत्रं १६९.२५४पासून सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन मोकळी होतात. पडद्यावर हा आकडा दिसला, की या यंत्राला कुणी वाली मिळाला नाही असं समजावं. म्हणून थेट प्रक्षेपणातला नियम एकच : ‘स्टॅटिक कर.’ पत्ता हातानं द्या आणि तो कायम ठेवा.

एक कागद

हातानं दिलेला पत्ता कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. या धंद्यातला कसबी माणूस ओळखायचा असेल तर त्याचा कागद बघावा. चांगल्या कागदात १९२.१६८.१ हा ले-आऊट नसतोच. तो अनेक घरगुती राऊटरांचा आवडता, कुणाचा तरी डोंगल त्यावर येऊन धडकणार हे ठरलेलं. त्याऐवजी १०ने सुरू होणारा, सहसा कुणी न वापरलेला पट्टा घेतात. तिसऱ्या आकड्यावरून खातं कळतं : १० म्हणजे कॅमेरे, २० म्हणजे मिक्सर आणि रेकॉर्डर, ३० म्हणजे ग्राफिक्स आणि रिप्ले, ४० म्हणजे आपापसात बोलायचा टॉकबॅक. खाती अशी वेगळी केल्यावर ती एकमेकांशी कशी बोलणार, हेही त्याच कागदावर ठरवावं लागतं. एक तर मास्क बदलून ले-आऊटच मोठा करा, नाहीतर मध्ये राऊटिंग करणारा स्विच बसवा. शेवटच्या आकड्यावरून यंत्राचा क्रमांक कळतो. तीन नंबरचा कॅमेरा १०३वर आणि चार नंबरचा १०४वर. तोच आकडा कॅमेऱ्याच्या अंगावर टेपनं चिकटवलेला. अंधारात, पळापळीत, पहिल्यांदाच आलेल्या मुलालाही स्टिकर बघून पत्ता सांगता येतो.

शेजारी यंत्राचा मॅक क्रमांक (वायरीवरची त्याची ओळख), पासवर्ड आणि स्विचचं भोक. पासवर्डचा रकाना काही जण मोकळा सोडतात, कारण तो कारखान्याचाच ठेवलेला असतो. ऑक्टोबर २०१६मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमनं जगभरातले असेच, मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना काही तास लोळवलं होतं. त्यात बहुतेक पाळतीचे कॅमेरे होते. पण ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘१२३४५’ प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यालाही तितकेच धोक्याचे.

गेटवेचा, म्हणजे बाहेरच्या रस्त्याचा, रकाना मात्र जाणूनबुजून मोकळा सोडायचा असतो. लाईव्ह पाठवणाऱ्या लॅपटॉपला दोन तोंडं असतात : एक कॅमेऱ्यांकडे, दुसरं डोंगलमार्गे इंटरनेटकडे. दोन्हीकडे बाहेरचा रस्ता लिहिला, तर लॅपटॉप कधीतरी चुकीचा निवडतो. मग कॅमेरे झकास दिसतात आणि यूट्यूबवर चक्र फिरत राहतं. कॅमेऱ्यांच्या बाजूला बाहेरचा रस्ता लिहायचाच नाही, की प्रश्न मिटला.

चित्राचाही पत्ता

इथवरची गोष्ट यंत्रांच्या पत्त्यांची झाली. मोठ्या प्रक्षेपणात चित्रालाही स्वतंत्र पत्ता असतो. २०१७च्या अखेरीस सिनेमा आणि दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेनं २११० हे मानक प्रसिद्ध केलं. त्यात चित्र, आवाज आणि सोबतचा मजकूर यांचे प्रवाह वेगवेगळे धावतात आणि प्रत्येकाला आपला पत्ता असतो. बीबीसीचं कार्डिफमधलं नवं केंद्र याच पद्धतीवर उभं राहिलं.

हे पत्ते २२४ ते २३९ या पट्ट्यातले, मल्टिकास्टचे. ते कुठल्याही एका यंत्राचे नसतात. ज्याला चित्र हवं त्यानं स्विचला तसं कळवायचं, मग स्विच त्याच्यापुरती प्रत काढून देतो. वायर तुटली तरी चित्र अडू नये म्हणून प्रत्येक प्रवाह दोन वेगळ्या वाटांनी पाठवतात, म्हणजे पत्तेही दुप्पट. वीस कॅमेऱ्यांच्या सामन्यात चित्र, आवाज, मजकूर आणि त्यांच्या जोड्या असा हिशेब मांडला तर निव्वळ कॅमेऱ्यांचेच १२० पत्ते होतात. रिप्ले, ग्राफिक्स आणि समालोचन यांचे वेगळे.

वजनाचाही हिशेब आहे. पूर्ण एचडीचं, सेकंदाला पन्नास चौकटींचं, न दाबलेलं चित्र दोन गिगाबिटच्या वर जातं. अर्ध्या-अर्ध्या ओळींचं पाठवलं तरी एक गिगाबिटच्या किंचित पुढेच. बाजारात मिळणारा एक गिगाबिटचा साधा स्विच इथे एकही चित्र पेलू शकत नाही. म्हणून लॉनवर आणि छोट्या स्टुडिओत न्यूटेकनं २०१५मध्ये आणलेलं एनडीआय चालतं. ते चित्र दाबून सव्वाशे मेगाबिटच्या आसपास आणतं, आणि साध्या स्विचवर पाच-सहा कॅमेरे सुखानं नांदतात.

मल्टिकास्टचे खोडसाळ दोष पुस्तकात लवकर सापडत नाहीत. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे दोन पत्ते कागदावर साफ वेगळे. पण वायरीवर उतरताना पत्त्याचे फक्त शेवटचे २३ बिट मॅक क्रमांकात जातात, आणि हे दोन्ही एकच होऊन बसतात. असे ३२-३२ पत्ते एका क्रमांकावर येतात. मॅक पाहून वाटप करणाऱ्या स्विचवर मग एकाच्या दारात दोघांची चित्रं जाऊन गर्दी होते.

दुसरा दोष त्याहून फसवा. सेटअप होतो, चित्र येतं, सगळे चहाला जातात. परत येऊन बघतात तर पडदा काळा. रीस्टार्ट केलं की पुन्हा चालू, आणि काही मिनिटांत पुन्हा बंद. कुणाला काय हवंय हे स्विच ऐकून ठेवतो, पण ‘अजून हवंय का?’ असं मधूनमधून विचारणारं कुणीतरी नेटवर्कवर नेमावं लागतं. त्याला क्वेरिअर म्हणतात. तो नेमलेला नसेल, तर प्रचलित मांडणीत २६० सेकंद वाट पाहून स्विच ‘कुणालाच नको’ असं धरतो आणि प्रवाह कापतो. चार मिनिटं वीस सेकंद. चाचणी त्याहून कमी वेळ घेतली तर हा दोष कधीच सापडत नाही, तो थेट कार्यक्रमातच सापडतो.

गल्लीतून बाहेर

नागपूरचं चित्र मुंबईला पोचवायचं तर पत्त्याचा आणखी एक तिढा. अधिवेशनात वार्ताहरांच्या पाठीवर ज्या पिशव्या दिसतात, त्यांत अनेक सिमकार्डं असतात आणि चित्राचे तुकडे त्या सगळ्यांतून वाटून जातात. मोबाईल कंपनी या सिमना खरा, जगाला दिसणारा, १९८१च्या पद्धतीचा पत्ता सहसा देत नाही. पत्ते संपलेत. जागतिक साठ्यातला शेवटचा मोठा वाटा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून झाला. म्हणून अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात आणि आत १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे आकडे देतात. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून आत कुणाला हाक मारता येत नाही.

यूट्यूबला पाठवताना हे जाणवतही नाही, कारण तिथे आपणच बाहेर जातो. पण मुंबईच्या स्टुडिओला वाटलं, की नागपूरच्या डोंगलवरून चित्र आपण ओढून घ्यावं, तर ते जमणार नाही. हायव्हिजननं २०१७मध्ये खुल्या केलेल्या एसआरटी या चित्र पाठवायच्या पद्धतीत म्हणून दोन मुख्य भूमिका असतात : हाक मारणारा कॉलर आणि वाट बघणारा लिसनर. खरा पत्ता ज्याच्याकडे आहे त्यानं लिसनर व्हायचं आणि डोंगलवाल्यानं कॉलर. उलट केलं तर दोन्ही बाजू तासभर एकमेकांच्या सेटिंगला दोष देत बसतात.

कोटेशनमधली ओळ

या साऱ्यात अगम्य असं काही नाही. हिशेब दहावीच्या गणिताचा आहे, साधनं फुकट आहेत, नियम पानभर आहेत. तरी तीन नंबर दिसत नाही, कारण हे काम कुणाच्याच नावावर नसतं. केबल हाच पत्ता होता तेव्हा केबल टाकणाराच नकळत ते करून जायचा. केबल मुकी झाली, पण ते काम दुसऱ्या कुणाला नेमून दिलं गेलं नाही. कॅमेरामनला वाटतं ते मिक्सरवाल्याचं, मिक्सरवाल्याला वाटतं ते भाड्यानं सामान देणाऱ्याचं, आणि सामान देणारा पेटी उतरवून केव्हाच परतलेला असतो.

लग्नाचं किंवा सभेचं कोटेशन काढून बघा. कॅमेरे इतके, क्रेन एक, ड्रोन एक, एलईडी वॉल इतके फूट, माणसं, जेवण, गाडीभाडं. पत्त्यांची ओळ नसते. म्हणून त्याला वेळ नसतो, पैसा नसतो, आणि कार्यक्रम संपल्यावर तो कागदही कुणी जपून ठेवत नाही. पुढच्या विजयादशमीला तेच मैदान, तेच खांब, बऱ्याचदा तेच कॅमेरे असतात, आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून. क्रेनवाल्याच्या वरच्या ओळीत ‘नेटवर्क : एक माणूस, एक दिवस आधी’ एवढं लिहिलं, त्याचे वेगळे पैसे लावले, आणि बिलासोबत तो कागद यजमानाच्या हवाली केला, तर नागपुरातल्या निम्म्या आरोळ्या बंद होतील. पैसे कशाचे म्हणून कुणी विचारलंच, तर कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवावं : कॅमेरा तीन, १०.४४.१०.१०३.